बाजाराची पिशवी हलकी करू या



आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास एस.टी. स्टँडवर थोडा वेळ उभे राहा आणि गावाकडे परतणाऱ्यांच्या पिशव्या बघा. त्यात मीठ, तेल, चहा-साखर असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावते, मेथी डोकावते. पाव किलो हिरवी मिरची असते, दोन लिंबे असतात, शेवग्याच्या चार शेंगा असतात आणि तळाला तूरडाळीचे पाकीट असते. पिशवीवाल्याला विचारा, "दादा, रान किती?" उत्तर येते, "हाय की सहा-सात एकर." सहा एकर रानाचा धनी शेवग्याच्या चार शेंगा विकत घेऊन चालला आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हा दादा आळशी नाही. त्याचे सोयाबीन चांगले असते, हरभरा चांगला असतो. पण त्याचे शेत बाजारासाठी पिकते आणि घर बाजारावर चालते. विकताना भाव व्यापारी सांगतो आणि घेताना दुकानदार सांगतो. दोन्हीकडे आपण फक्त मान हलवायची. जे घरीच पिकले, त्याला मात्र कोणाला भाव विचारावा लागत नाही. पावसाने ओढ दिली, भाव पडला, तरी घरातली चूल त्या भावावर अवलंबून राहत नाही. कर्जाच्या वर्षी घर तरून जाते ते अशा आधारावर. म्हणून आज पिकाबद्दल न लिहिता घराबद्दल लिहितो आहे.

आजींचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका गावी महिलांच्या सभेत मी परसबागेवर तास-दीड तास बोललो. तक्ते दाखवले, बियाण्याची पाकिटे वाटली. शेवटी मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "सायेब, समदं ब्येस सांगितलंत. पर तुमच्या घरी हाय का ह्यातलं काही?" सभा हसली. मीही हसलो, पण उत्तर नव्हते. मी तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात राहत होतो. मागे पंधरा-वीस फुटांची मोकळी जागा होती आणि तिथे घाणेरीचे झुडूप व तुटकी सायकल होती. मीही बाजारातूनच कोथिंबीर आणत होतो.

त्याच पावसाळ्यात सुरुवात केली. पहिल्या वर्षी पुष्कळ चुकले. कपडे धुतलेले साबणाचे पाणी थेट मेथीच्या वाफ्यात सोडले, मेथी पिवळी पडली. कुंपण न करता रोपे लावली, ती शेजारच्या कोंबड्यांनी उकरली. एकाच दिवशी सगळी पालेभाजी पेरली, त्यामुळे दहा दिवस भाजी उतू गेली आणि पुढचा महिना वाफे रिकामे. तुम्हाला तेच चटके बसू नयेत म्हणून पुढे लिहितो.

आधी वही, मग कुदळ

कुठल्याही कामाआधी एक महिना वही घाला. घरात विकत येणारी प्रत्येक वस्तू पैशांसह लिहा. मुलगा किंवा मुलगी शाळेत जात असेल तर हे काम त्यांना द्या, आवडीने करतील. महिनाअखेर यादीवर तीन खुणा करा. जे घरी होऊच शकत नाही त्याला फुली : मीठ, औषध, वह्या-पुस्तके. जे लगेच होऊ शकते त्याला बरोबरची खूण : पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, लिंबू, कढीपत्ता, अंडी. जे वर्ष-दोन वर्षांत होईल त्याला गोल : डाळ, सरपण किंवा गॅस, काही बियाणे, काही खत.

आठवड्याला नुसत्या भाजीपाल्याला ३५० रुपये जात असतील, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १८,२०० रुपये होतात. तुमचा आकडा तुम्ही टाका. एकदम दिसत नाही म्हणून हा पैसा जाणवत नाही. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे रिकामेही होते.

पाणी नाही असे म्हणू नका

परसबागेचे नाव काढले की पहिले उत्तर येते, "साहेब, प्यायला पाणी नाही, भाजीला कुठले?" मग गल्लीतून चालत बघा. प्रत्येक दारासमोर सांडपाण्याचा ओघळ आणि त्यावर डास. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. पाच माणसांच्या घरात एवढे पाणी आले तर ते २७५ लिटर होते. त्यातले साधारण पाऊणभर, म्हणजे २०० लिटर, मोरीतून बाहेर पडते. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर जागा. तिच्यावर २०० लिटर पाणी टाकले तर ४ मिलिमीटरची पाळी होते, आणि भाजीला रोज साधारण इतकेच लागते. म्हणजे ज्या घरात रोज अंघोळ आणि भांडी होतात, त्या घरात अर्ध्या गुंठ्याचे पाणी आहेच. फक्त ते आज गल्लीत जाते.

हे पाणी वापरण्याची पद्धत अशी. मोरीच्या बाहेर विटांची लहान टाकी किंवा जुना पिंप ठेवा. त्याच्या तोंडाशी वीट-तुकडे, वाळू आणि नारळाच्या शेंड्यांची गाळणी करा. खरकटे आणि तेलकटपणा तिथेच अडकेल. शेंड्या पंधरा दिवसांनी बदला. कपडे धुतलेले जास्त साबणाचे पाणी केळी, कर्दळ, शेवगा आणि पपई यांच्या आळ्यांत सोडा. भाजी धुतलेले, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी पालेभाजीला द्या. मुळा, गाजर, कोथिंबीर अशा कच्च्या खाण्याच्या भाजीवर मोरीचे पाणी घालू नका. संडासाचे पाणी या वाटेवर अजिबात येता कामा नये.

उरलेले पाणी शोषखड्ड्यात न्या. लांबी, रुंदी आणि खोली एक-एक मीटर एवढा खड्डा पाच-सहा माणसांना पुरतो. तळाला मोठे दगड, वर मध्यम आणि त्यावर खडी भरा. वर बुडाला भोके पाडलेले मडके ठेवून त्यात शेंड्या किंवा गवत भरा. काळ्या चिकट जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. विहीर किंवा बोअरपासून खड्डा किमान १५ मीटर लांब असावा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेतले, गटारे वाहायची थांबली आणि डास हटले. तोच पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यात माहीत झाला. त्या गावाने परदेशातून काही आणले नाही. पाणी ज्याच्या दारात, त्याच्याच दारात जिरवले, एवढेच.

अर्ध्या गुंठ्याची आखणी

जागा घराच्या मागे, ऊन येणारी आणि मोरीच्या उताराला असावी. आधी कुंपण, मग बी. काटेरी फांद्या, जुनी साडी, तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या काड्या, काहीही चालेल. कुंपण वाया जात नाही. त्यावरच दोडका, कारले, दुधी आणि वालाचे वेल चढवा.

वाफे तीन फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. लांबी दहा फूट पुरे. असे आठ वाफे बसतात. पालेभाजीला तीन वाफे राखा आणि ते एकदम पेरू नका. आज पहिला, बारा-पंधरा दिवसांनी दुसरा, आणखी तेवढ्याच दिवसांनी तिसरा. मेथी चार आठवड्यांत काढणीला येते. पालक महिन्याभरात पहिल्या कापणीला येतो आणि पुढे दर पंधरवड्याला कापता येतो. म्हणजे एक वाफा संपतो तेव्हा दुसरा तयार असतो. उरलेल्या वाफ्यांत ८-१० झाडे वांगी, १० मिरची, १० टोमॅटो आणि २०-२५ भेंडी एवढे घराला पुरे. जास्त लावले तर भाजी शेजारी वाटावी लागते, तेही वाईट नाही.

हंगामही पाळा. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, भोपळा. हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, टोमॅटो, वांगी. उन्हाळ्यात तांदुळजा, राजगिरा, काकडी, गवार. उन्हाळ्यात वाफ्यावर पाचट किंवा वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन बोटे आच्छादन टाका, पाण्याची एक पाळी वाचते.

शेवगा, लिंबू, कढीपत्ता आणि तीन-चार पपया ही झाडे कडेला, शक्यतो उत्तर बाजूला लावा, म्हणजे वाफ्यांवर सावली येत नाही. शेवग्याच्या शेंगा सगळे खातात, पाला मात्र शेळीला टाकतात. ती चूक करू नका. पाल्याची भाजी करा, पीठ मळताना कोवळा पाला चिरून टाका. मोरीच्या ओलाव्यावर अळू आणि केळी आपोआप येतात.

किडीसाठी दुकानातली बाटली घरच्या भाजीवर आणू नका. मे-जूनमध्ये निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून १० लिटर करा आणि थोडा साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळी फवारा. किडी दिसायला लागल्या की लगेच फवारावे. झाड पोखरून झाल्यावर कुठलाच अर्क कामाचा नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच माणसांना ती दोन किलो झाली. अर्ध्या गुंठ्यातून वर्षभर रोज दोन किलो निघेल असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि शेवगा विकत आणायचे काम पडू नये. आणि हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ते लागत नाही. हे दोन नियम फुकटचे आहेत.

उकिरडा म्हणजे तिजोरी

घरातून बाहेर जाणारा केरकचरा, पालापाचोळा, राख आणि खरकटे म्हणजे विकत आणलेल्या खताचा दुसरा अवतार. उघड्या उकिरड्यावर त्यातला कस उन्हाने आणि पावसाने निघून जातो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी यावर उपाय दिला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे जमिनीवरचे विटांचे हौद, भिंतीला हवेसाठी भोके. त्यात काडीकचऱ्याचे थर, शेणकाल्याचा शिडकावा आणि चाळलेल्या मातीचा थर असे भरत जायचे, वरून शेणमातीने लिंपायचे. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार. यातली मोठी गोष्ट अशी की एका हौदाला शेण ९०-१०० किलोच लागते. ज्याच्या दावणीला एकच जनावर उरले आहे, त्यालाही हे जमते.

परसबागेपुरते खत हवे असेल तर गांडूळखताचा छोटा वाफा सावलीत करा. तीन फूट रुंद, गुडघाभर उंच. अर्धवट कुजलेले शेण आणि पाला भरा, गांडुळे सोडा, वर पोते टाकून रोज पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत मिळते. ताजे गरम शेण, तेल-मिठाचे खरकटे आणि लिंबाच्या साली त्यात टाकू नका. मुंग्या आणि कोंबड्यांपासून वाफा जपा.

शेणाचा दोनदा उपयोग

गोवरी थापली की शेण एकदाच उपयोगी पडते आणि घरात धूर देऊन जाते. गोबर गॅसमध्ये तेच शेण आधी गॅस देते आणि मागे स्लरी देते. खताचा कस स्लरीत शिल्लक राहतो.

हिशेब साधा आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. एक मोठे जनावर दिवसाला १०-१२ किलो शेण देते असे धरले, तर चार-पाच जनावरे हवीत. त्यावर सहा-सात माणसांचा स्वयंपाक होतो. एक घनमीटरला २५ किलो शेण, म्हणजे दोन-तीन जनावरे. त्यात तीन-चार माणसांचे भागते. थंडीत गॅस कमी पडतो, म्हणून घरातले सिलिंडर लगेच परत करू नका. संयंत्र विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उन्हाच्या जागी असावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रत्येक गावात चार-दोन बंद पडलेले गोबर गॅस तुम्ही पाहिले असतील. कोणात पालापाचोळा पडला आहे, कोणात पावसाचे पाणी. ते विज्ञान खोटे म्हणून बंद पडले नाहीत. अनुदान आहे म्हणून बांधले आणि नंतर बैलजोडी विकली, किंवा रोज शेण कालवायचे काम कोणाचे ते ठरलेच नाही, म्हणून बंद पडले. तेव्हा आधी दावण मोजा, मग माणूस ठरवा, आणि शेवटी अनुदानाचा अर्ज करा. जनावरे नसतील तर गोबर गॅस बांधू नका. त्यात कमीपणा नाही.

डाळ आणि बी घरचे

तूर काढली की मार्केटला आणि डाळ दुकानातून, असा उलटा प्रवास आपल्याकडे चालतो. हिशेब करा. माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरली तर पाच माणसांना वर्षाला ९१ किलो लागते. १०० किलो तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते. म्हणजे १३० किलो, सव्वा क्विंटलच्या थोडी वर, तूर घरात ठेवली की वर्षाचे वरण मिटले. त्यात मूग, हरभरा, उडीदही वापराल, तर तूर आणखी कमी लागेल. पूर्वी बायका तूर भिजवून, उन्हे देऊन जात्यावर भरडत. आता त्यांना परत जात्याला बसवा असे मी म्हणत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दाल मिल तयार केली, ती बऱ्याच ठिकाणी बचत गटांकडे आहे. तुमच्या जवळपास असेल तर पोते तिथे न्या. चुरा आणि टरफले घरी परत आणा, ती जनावरांची पेंड आहे.

बियाण्याचे म्हणाल तर संकरित वाणाचे बी राखून उपयोग नाही, ते पुढच्या वर्षी फुटून जाते. पण सोयाबीन, हरभरा, गहू यांच्या सरळ सुधारित वाणांचे बी घरचे चालते. सोयाबीनची साल नाजूक असते. पोते आपटू नका, थप्पी उंच रचू नका. पेरणीआधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी पुरे, कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवा. पेरणी साधली नाही तर दोष नशिबाला देण्यापेक्षा ही मोजणी आधी करणे बरे.

भाजीचे बी राखणे याहून सोपे. वांगी, भेंडी, चवळी आणि वालाच्या सशक्त झाडावरचे पहिल्या बहरातले एक-दोन चांगले फळ राखा, चिंधी बांधून ठेवा, म्हणजे कोणी तोडत नाही. झाडावरच पूर्ण पक्व होऊ द्या. बी सावलीत वाळवा, राखेत घोळून कोरड्या मडक्यात ठेवा. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी वाणांचे बी घरात जमवले, जपले आणि इतरांना दिले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही घरातल्या मडक्यांपासूनच झाली.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

आता पुरुष मंडळींनी नीट ऐकावे. परसबागेची योजना आली की काम घरच्या बाईच्या गळ्यात पडते. ती आधीच पहाटे उठते, पाणी भरते, स्वयंपाक करते, शेतात खुरपायला जाते, जनावरांचे बघते. त्यात वाफे, गांडुळे आणि शेणकाला यांची भर घातली तर ते स्वावलंबन नव्हे, ती आणखी एक वेठ झाली. मग महिन्या-दोन महिन्यांत बाग सुकते आणि आपण म्हणतो, "बायकांनी लक्ष दिलं नाही."

एका घरी मी बाग सुकलेली पाहिली आणि कारण विचारले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, बी मी पेरलं, पाणी मी घातलं, कुंपण मोडलं ते सांगून तीन आठवडे झाले. शेरडं शिरली, संपलं." मालक बाजेवर बसून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी कुंपण केले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वेलाला कारली लागली होती.

म्हणून कामे वाटून घ्या. कुंपण, खड्डे, टाकी, खताचे हौद आणि शेणकाला पुरुषांकडे. पेरणी कधी आणि काय ते दोघांनी मिळून. पाणी आणि वही मुलांकडे. जास्तीची भाजी, अंडी विकून जे दोन पैसे येतील ते घरच्या बाईच्या हाती राहू द्या.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच, सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, यातले काही काम एकट्या घराचे नाही. एका घराने सांडपाणी जिरवले आणि शेजारच्याचे वाहत राहिले, तर डास दोघांनाही चावतात. एक गल्ली निवडा आणि त्या गल्लीतले सगळे खड्डे एकाच महिन्यात पुरे करा. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या हातपंपाचे पाणी तिथल्याच बागेत वळवा, मुलांच्या खिचडीत ती भाजी जाईल. ग्रामपंचायतीने शेवगा, लिंबू आणि कढीपत्त्याची रोपे एकत्र आणली तर घरोघरी स्वस्त पडतात. गटाकडे मिनी दाल मिल आणता येईल का, ते ग्रामसभेत ठेवा. कोणती योजना सध्या चालू आहे आणि अनुदान किती, ते पंचायत समितीत विचारून फलकावर लिहा. आमच्यासारख्यांना सभेला बोलवा, आणि त्या आजींसारखा प्रश्नही विचारा. आम्हाला त्याची गरज असते.

सगळेच घरी पिकवायचे का?

नाही. कोणी मीठ घरी करीत नाही, आणि दवाखाना-शाळेला पैसा लागणारच. शेतातले नगदी पीक सोडा असेही माझे म्हणणे नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत पाच जणांचे कुटुंब कसे सुखाने राहू शकते याचा विचार लोकांपुढे ठेवला होता. ज्यांना जमेल त्यांनी तिथवर जावे. मी तुम्हाला दहा गुंठे मागत नाही, अर्धा गुंठा मागतो. तोही शेतातला नाही, मोरीच्या मागचा, जिथे आज घाणेरी आहे.

पहिल्या महिन्यात फक्त तीन गोष्टी करा : वही घाला, मोरीच्या पाण्याला टाकी आणि वाट करा, आणि कुंपण घालून पालेभाजीचा एक वाफा पेरा. बाकीचे पुढच्या हंगामात. एकदम सगळे आरंभले की एकही पुरे होत नाही.

त्या आजींच्या गावी पुढे दोन वर्षांनी गेलो. त्यांना सांगितले, "आजी, आता आहे बघा माझ्या घरी. शेवगा आहे, मिरची आहे, अळू तर विचारूच नका." त्या म्हणाल्या, "मंग आता सांगा, आता ऐकू." आणि जाताना त्यांनी घरच्या वालाचे मूठभर बी माझ्या रुमालात बांधून दिले. ते बी माझ्या कुंपणावर आजही दरसाल चढते.

पुढच्या बाजारी निघाल तेव्हा पिशवी घ्या, जरूर घ्या. फक्त परत येताना तिच्यात काय आहे ते एकदा बघा, आणि त्यातले एक तरी जिन्नस पुढच्या वर्षी परसातून यायला हवे, असे मनाशी ठरवा.